मध्यरात्रीचे श्रोते आणि उसनीं गाणीं

रात्रीं बारानंतर नभोवाणीचें यंत्र लावून बसणारा मनुष्य हा दिवसाच्या श्रोत्याहून निराळ्या जातीचा असतो. दिवसा ऐकणारा बहुधा दुसरें कांहीं तरी करीत असतां ऐकतो. दाढी करतां करतां बातम्या आणि पोळ्या लाटतां लाटतां गाणें, हा त्याचा क्रम. मध्यरात्रीचा श्रोता मात्र एकटा असतो, घर निजलेलें असतें, आणि समोरच्या यंत्रांतून बोलणारा निवेदक केवळ आपल्याशींच बोलत आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. असा श्रोता गाणें नुसतें ऐकत नाहीं. तो त्याच्याशीं भांडतो. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत, आणि कांहीं अंशीं इंग्लंडांतही, अशा श्रोत्यांचा एक समुदायच निर्माण झाला, आणि त्याच्या भांडणाचा एक आवडता विषय असा होता: अमुक गाणें मूळ कोणाचें, आणि तें दुसऱ्यानें पुन्हा गाइलें तेव्हां सुधारलें कीं बिघडलें? त्या वादाचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. विषय वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु या वादाच्या मुळाशीं माणसांचीं नांवें आहेत, पैसा आहे, आणि एका खाणकामगाराच्या सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. 'फोक-रॉक' म्हणजे लोकगीताच्या वळणाचें काव्य, आणि त्याला विजेवर चालणारी गिटार व ड्रम यांची, रॉक संगीताच्या ठेक्याची साथ. हा प्रकार साधारणतः १९६५ सालीं नांवारूपास आला. दुसरा शब्द 'कव्हर'. एकानें ध्वनिमुद्रित केलेलें गाणें दुसऱ्यानें आपल्या रीतीनें पुन्हा ध्वनिमुद्रित केलें म्हणजे त्या दुसऱ्या तबकडीला धंद्याच्या भाषेंत हें नांव मिळतें. या भाषणापुरतें आपण त्याला उसनें गाणें म्हणूं. हें उसनवारीचें काम अमेरिकेंत चोरटेपणानें होत नव्हतें. १९०९ च्या कायद्यानेंच तशी मोकळीक दिलेली होती. एकदां एखादें गाणें कर्त्याच्या संमतीनें ध्वनिमुद्रित झालें, कीं त्यानंतर कोणीही तें पुन्हा गाऊन त्याची तबकडी काढावी. कर्त्याला विचारण्याची गरज नाहीं. मात्र प्रत्येक प्रतीमागें २ सेंट त्याला द्यावे. हा दर पुढें १९७८ पर्यंत टिकला. गाण्याला कर्ता असेल तोंवर ही व्यवस्था ठीकच म्हणावयाची. पण लोकगीताला कर्ता कोठून आणावा? जात्यावरच्या ओवीला 'तुझें लेखकाचें नांव सांग' असें विचारण्यासारखेंच तें आहे. कर्ता नसेल तेथें मग 'रचना' अथवा 'संयोजन' या सदराखालीं जो आपलें नांव प्रथम तबकडीवर छापील, त्याच्याकडे ते सेंट वाहूं लागतात. रात्रीच्या श्रोत्यांचें अर्धे भांडण, त्यांना कळो वा न कळो, या एका कलमांतून उत्पन्न झालेलें होतें.

याचें सर्वांत नामांकित उदाहरण म्हणजे 'हाउस ऑफ द रायझिंग सन' हें गाणें. न्यू ऑर्लीन्स शहरांतील एका बदनाम घरांत आयुष्याची माती झालेल्या व्यक्तीचें हें आत्मकथन. १९६४ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडांतील न्यूकॅसलच्या 'ॲनिमल्स' नामक पांच तरुणांच्या मेळ्यानें त्याची तबकडी काढली. १८ मे १९६४ रोजीं लंडनच्या एका स्टुडिओंत एकाच दमांत, पुन्हा न गातां, हें मुद्रण झालें. त्या काळीं तीन मिनिटांहून लांब गाणें नभोवाणीवाले सहसा वाजवीत नसत. हें साडेचार मिनिटांचें होतें. तरीही तें जुलैंत इंग्लंडांत आणि सप्टेंबरांत अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. अमेरिकेंतील कंपनीनें भीत भीत त्याची कापलेली लहान आवृत्ति काढली होती हें खरें, पण यश यशच. फोक-रॉकचा प्रारंभ येथूनच झाला असें मानणारा एक पक्ष आहे, आणि मला तो बराचसा पटतो.

आतां मूळ कोणाचें? ॲनिमल्सच्या आधीं दोन वर्षें, म्हणजे मार्च १९६२ मध्यें, बॉब डिलनच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेंत हें गाणें निघालेलें होतें. म्हणून एक पक्ष म्हणे, मूळ डिलनचें. पण न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागांतले जुने ऐकणारे हंसत; कारण डिलननें ज्या स्वरसाथीवर तें गाइलें, ती साथ डेव्ह व्हॅन राँक या त्याच्या ज्येष्ठ मित्राची होती. अर्ध्या अर्ध्या स्वरानें खालीं उतरत जाणारा खर्ज ही तिची खूण. व्हॅन राँकनें पुढें सांगितलेली हकीकत मोठी मौजेची आहे. एके दिवशीं डिलन त्याच्याकडे येऊन म्हणाला, तुझ्या रीतीनें तें गाणें मी माझ्या तबकडीवर घेऊं का? व्हॅन राँक म्हणाला, बाबा, थोडा थांब, मी स्वतःच तें लौकर मुद्रित करणार आहें. तेव्हां डिलनचा चेहरा उतरला. कारण मुद्रण आधींच उरकलेलें होतें! पुढें लोक व्हॅन राँकलाच म्हणूं लागले, कीं तुम्ही हें डिलनकडून उचललें. आणि वैतागून त्यानें तें गाणें म्हणावयाचें सोडून दिलें. पण दैवाचा न्याय पाहा. ॲनिमल्सची तबकडी गाजल्यावर लोक डिलनला म्हणूं लागले, कीं तूं हें ॲनिमल्सचें उचललेंस. आणि डिलननेंही तें सोडलें. व्हॅन राँकला ही वार्ता कळली तेव्हां त्याला झालेला आनंद तो शेवटपर्यंत लपवूं शकला नाहीं.

पण व्हॅन राँक तरी मूळ कसला? १९३३ सालीं क्लॅरेन्स ॲशली व ग्वेन फॉस्टर या दोघा पहाडी गायकांनीं हें गाणें तबकडीवर म्हटलेलें होतें; आणि गाण्याचें उपलब्ध असें सर्वांत जुनें मुद्रण तेंच होय. आणि त्यानंतर सप्टेंबर १९३७ मध्यें ॲलन लोमॅक्स हा तरुण संग्राहक तबकड्या कोरण्याचें जड यंत्र मोटारींत घालून केंटकी संस्थानच्या कोळशाच्या मुलखांत हिंडत असतां मिडल्सबरो या गांवीं आला. तेथें जॉर्जिया टर्नर नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलीनें त्याला हें गाणें म्हणून दाखविलें. साथ नाहीं, वाद्य नाहीं, उघडा आवाज. १९४१ सालीं लोमॅक्सनें आपल्या संग्रहांत तें छापलें तेव्हां तिचें नांव दिलें, एवढें त्याच्या पदरीं श्रेय घातलें पाहिजे. या छापील पाठावरून व मुद्रणावरून शहरांतले गायक तें शिकले, आणि असें करीत करीत तें न्यूकॅसलच्या त्या पांच पोरांपर्यंत पोंचलें. मेळ्याचा गायक एरिक बर्डन याचें म्हणणें, कीं आपण तें न्यूकॅसलमधल्याच एका लोकगायकाच्या तोंडून प्रथम ऐकलें.

या प्रवासांत एक बदल झाला तो येथें नमूद केला पाहिजे. टर्नरच्या तोंडीं हें एका मुलीचें रडगाणें होतें. फसलेली ती, आणि धाकट्या बहिणीला सावध करणारीही तीच. डिलननेंसुद्धां स्त्रीच्याच तोंडचें गाणें गाइलें. ॲनिमल्सनीं तें पुरुषाच्या तोंडीं घातलें, आणि बदनाम घर बदलून जुगाराचा अड्डा वाटूं लागला. नभोवाणीवर वाजावें म्हणून हें केलें असें कित्येक म्हणतात. कारण कांहींही असो. माझ्या मतें गाण्याचा कणा तेथें थोडा वाकला. बर्डनच्या आवाजांतला आक्रोश मला मान्य आहे, हिल्टन व्हॅलेंटाइनच्या गिटारीची ती सुरुवातीची लहर आजही अंगावर कांटा आणते. पण मुलीनें बहिणीला घातलेली हांक ती हांक.

तबकडीवर संयोजक म्हणून पांचांपैकीं एकाचेंच, ऑर्गन वाजविणाऱ्या ॲलन प्राइसचें, नांव छापलें गेलें. पांच नांवांना लेबलावर जागा नाहीं, असें मेळ्यांतील मंडळींनीं त्याचें कारण दिलें. परिणाम हा, कीं गाण्याचें उत्पन्न एकाकडे गेलें आणि बाकीच्या चौघांच्या मनांत कायमची अढी बसली. मिडल्सबरोच्या मुलीला हीं भांडणें फार दूरचीं होतीं. तिला आयुष्यांत या गाण्याबद्दल अत्यल्प रक्कम मिळाली. १९६९ सालीं, वयाच्या पन्नाशीपूर्वींच, ती वारली.

रात्रीचा काळच या वादाला कां मानवला, याला एक शास्त्रीय कारणही आहे. मध्यम लहरींवरील ध्वनिक्षेपण दिवसा फार दूर जात नाहीं. सूर्यप्रकाशामुळें वातावरणाच्या वरच्या भागांत विद्युद्भारित कणांचा जो खालचा थर तयार होतो, तो या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो, आणि लहरी त्याहून उंच असलेल्या थरांवर आदळून शेंकडों मैलांवर परत जमिनीवर उतरतात. म्हणून बोस्टन शहरांतील 'डब्ल्यूबीझेड' हें ५०,००० वॉटचें केंद्र रात्रीं दूरदूरच्या राज्यांतील वसतिगृहांत ऐकूं येई. दिवसाचा वेळ जाहिरातदारांचा. रात्रीं मात्र निवेदकावर मालकाची नजर थोडी ढिली पडे, आणि त्याला आपल्या आवडीची तबकडी लावण्याची सवड मिळे.

या बोस्टनच्या केंद्रावर डिक समर नांवाचा निवेदक रात्रीं उशिराचा कार्यक्रम करीत असे. पॉल सायमन व आर्ट गार्फंकल या दोघांची पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६४ मध्यें निघून पडली होती. तिचें नांव 'बुधवार, पहाटेचे तीन' अशा अर्थाचें होतें, आणि खपाच्या दृष्टीनें तिच्यावर झोंपेचीच वेळ आली होती. दोघे आपापल्या वाटेनें गेले. सायमन इंग्लंडांत, गार्फंकल विद्यापीठांत. समर त्यांतलें 'साउंड ऑफ सायलेन्स' हें एक गाणें रात्रीं वाजवूं लागला, आणि महाविद्यालयांतील विद्यार्थी तें पुनःपुन्हा मागूं लागले. ही वार्ता कंपनीच्या कानावर गेली. टॉम विल्सन या निर्मात्यानें १५ जून १९६५ रोजीं एक विलक्षण गोष्ट केली. त्या दिवशीं डिलनच्या मुद्रणासाठीं आलेल्या वादकांपैकीं कांहींना थांबवून घेऊन, त्यानें त्या जुन्याच, एका गिटारीवर गाइलेल्या मुद्रणावर विजेची गिटार, बास व ड्रम चढविले. ज्यांचें गाणें त्यांना विचारलें नाहीं, कळविलेंही नाहीं. सप्टेंबरांत ही नवी तबकडी निघाली आणि १ जानेवारी १९६६ च्या यादींत ती पहिल्या क्रमांकावर होती.

येथें वादाला नवाच पेंच पडतो. गायक तेच, आवाज तोच, मुद्रणसुद्धां तेंच. फक्त खालीं रॉकचा ठेका. हें मूळ गाणें म्हणावें कीं उसनें? स्वतः सायमनला प्रथम ऐकतांच धक्का बसला, असें त्याच्या बरोबर लंडनांत राहणारा गायक ॲल स्टुअर्ट यानें सांगितलें आहे. नीट कान देऊन ऐकलें तर वादकांना कोठें कोठें गति आंवरून गायकांसाठीं थांबावें लागलेलें जाणवतें. कारण गाणारे तालाच्या यंत्राबरोबर गातच नव्हते. माझ्यापुरतें विचाराल तर रात्रीं दोन वाजतां मी पहिलें ऐकेन आणि सकाळीं दहा वाजतां दुसरें. परंतु एवढें खरें, कीं दुसरें नसतें तर पहिलें कोणी ऐकलेंच नसतें. आणि रात्रीच्या त्या विद्यार्थ्यांनीं पहिलें मागितलें नसतें तर दुसरें जन्मासच आलें नसतें.

विल्सनला हें सुचलें तें ज्या यशामुळें असें मानतात, तें 'बर्ड्स' या कॅलिफोर्नियाच्या मेळ्याचें. डिलनचें 'मिस्टर टँबुरीन मॅन' हें गाणें त्यांनीं २० जानेवारी १९६५ रोजीं मुद्रित केलें आणि जून महिन्यांत तें अमेरिकेंत पहिलें आलें. डिलनचें गाणें साडेपांच मिनिटांचें व चार कडव्यांचें. बर्ड्सनीं एकच कडवें ठेवलें आणि अडीच मिनिटांच्या आंत आटोपलें. बारा तारांच्या विजेच्या गिटारीचा तो घंटेसारखा निनाद मात्र त्यांचा स्वतःचा. काव्याच्या भक्तांना हा शिरच्छेद वाटला. स्वतः कर्त्याची हरकत नव्हती. यावर नाचतांही येतें याचें त्याला कौतुकच वाटलें. येथें मी काव्याच्या भक्तांच्या बाजूचा आहें, तरीपण तीन चतुर्थांश गाणें कापूनही जें उरतें तें लक्षांत राहतें, ही गोष्ट नाकारण्यांत अर्थ नाहीं.

डिलनच्याच बाबतींत उलट घडलेली हकीकतही आहे. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हें गाणें त्यानें डिसेंबर १९६७ मध्यें अगदीं साध्या साथीवर काढलें. जिमी हेंड्रिक्सनें जानेवारी १९६८ मध्यें लंडनांत तें हातीं घेतलें आणि त्याच वर्षीं त्याचें असें कांहीं वादळ करून सोडलें, कीं स्वतः डिलनही १९७४ पासून रंगमंचावर तें हेंड्रिक्सच्या वळणानें गाऊं लागला. कर्त्यानेंच उसनवाराकडून उसनें घेतलें! या हेंड्रिक्सला इंग्लंडांत आणणारा चॅस चँडलर हा ॲनिमल्सचाच बासवादक, हें आपल्या ध्यानांत येईल. त्या जगांत सगळ्या वाटा शेवटीं एकाच चौकांत येत.

इंग्लंडांत रात्रीच्या श्रोत्यांना कांहीं काळ समुद्रावरून गाणीं ऐकावीं लागलीं. सरकारी केंद्राच्या शिस्तींत न बसणारें संगीत किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजांवरून प्रसृत होई. 'रेडिओ लंडन' या अशाच एका जहाजावर १९६७ च्या उन्हाळ्यांत जॉन पील मध्यरात्रीपासून दोन वाजेपर्यंत एक कार्यक्रम करी आणि श्रोत्यांचीं पत्रें वाचून दाखवी. १४ ऑगस्ट १९६७ रोजीं नव्या कायद्यामुळें तें केंद्र बंद झालें. इंग्लंडच्या वादाची चव अमेरिकेहून थोडी निराळी होती. तेथें भांडण अधिक घरचें होतें, कारण गाणीं घरचीं होतीं. 'स्कारबरो फेअर' हें त्यांतलें मुख्य. त्याचें नातें सतराव्या शतकांत छापलेल्या एका बॅलडशीं लागतें. म्हणजे कर्ता शोधूं जाणें व्यर्थ. पण मार्टिन कार्थी या लंडनच्या लोकगायकानें त्याला गिटारीची जी नाजूक जाळी विणली होती ती कार्थीचीच. सायमन १९६५ सालीं लंडनांत असतां ती त्याच्याकडून शिकला. १९६६ सालीं तें गाणें सायमन-गार्फंकलच्या ध्वनिमुद्रिकेंत निघालें, १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट' या चित्रपटांत घरोघर पोंचलें, आणि तबकडीवर नांवें फक्त त्या दोघांचीं. लोकगीत म्हणूनही उल्लेख नाहीं. कार्थी तर दूरच.

आतां रात्रीच्या एखाद्या श्रोत्यानें 'मूळ कार्थीचें' असा पुकारा केला तर तो इतिहासाच्या दृष्टीनें चुकतो. गाणें कार्थीचें नाहीं, तसें तें सायमनचेंही नाहीं. पण त्याच्या चुकींत एक न्याय दडलेला आहे. त्याला म्हणावयाचें असतें एवढेंच, कीं येथें एक नांव गळलें आहे, तें कोणी तरी उच्चारा. कोणतें गाणें सरस हा रुचीचा प्रश्न. कोणाकडून आलें हा नोंदीचा प्रश्न. आणि तावातावानें भांडतांना श्रोते पहिल्याच्या नांवावर बहुधा दुसराच लढवीत असत. कार्थीच्या मनांत हें शल्य कित्येक वर्षें राहिलें. ऑक्टोबर २००० मध्यें लंडनच्या हॅमरस्मिथ येथील कार्यक्रमांत सायमननें त्याला बोलाविलें आणि दोघांनीं तें गाणें एकत्र म्हटलें.

आतां या सगळ्या वादाचें जें खरें अधिष्ठान, त्या न्यूयॉर्कच्या एका केंद्राकडे वळूं. १९६७ पासून अमेरिकन सरकारच्या दळणवळण मंडळाचा एक नियम अंमलांत आला. एकाच मालकाचें मध्यम लहरींचें व 'एफएम'चें अशीं दोन केंद्रें मोठ्या शहरांत असतील तर दोहोंवर तोच कार्यक्रम निम्म्याहून अधिक वेळ लावतां येणार नाहीं. झालें! एफएमवर एकाएकीं रिकामा वेळ पडला, आणि तो भरून काढण्यासाठीं लांब गाणीं, जुनीं गाणीं, एकाच गाण्याच्या दोन दोन आवृत्त्या लावणाऱ्या तरुणांना दार उघडलें. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'केएमपीएक्स' वर एप्रिल १९६७ मध्यें टॉम डोनाह्यू यानें आरंभिलेला कार्यक्रम यांत अग्रगण्य मानतात. परंतु न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूबीएआय' या, जाहिराती न घेणाऱ्या व श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केंद्रावर बॉब फॅस यानें हें सारें १९६३ पासूनच चालविलेलें होतें. त्याच्या कार्यक्रमाचें नांव 'रेडिओ अननेमेबल', म्हणजे ज्याला नांव देतां येत नाहीं अशी नभोवाणी. मध्यरात्रीं सुरू होऊन पहांटेपर्यंत तो चाले. क्रम ठरलेला नाहीं, वेळेचें बंधन नाहीं. फॅस आपल्या श्रोत्यांना कटवाल्यांची मंडळी म्हणे, आणि त्यांचे टेलिफोन सरळ ध्वनिक्षेपणांत घेई. कधीं कधीं तर एकाच वेळीं अनेकांचे, म्हणजे ब्रुकलिनचा श्रोता क्वीन्सच्या श्रोत्याशीं परस्पर बोलत असे आणि सारें शहर तें ऐके. बॉब डिलन स्वतः जानेवारी १९६६ मध्यें तेथें येऊन श्रोत्यांचे टेलिफोन घेत बसला होता. या मंडळीची शक्ति केवढी होती तें फेब्रुवारी १९६७ मध्यें दिसलें. फॅसनें नुसतें सुचविलें आणि मध्यरात्रीं विमानतळावर भेटण्यासाठीं हजारों माणसें जमलीं.

या कार्यक्रमांत एके रात्रीं जेरी जेफ वॉकर हा भटका गायक डेव्हिड ब्रोमबर्ग या गिटारवादकाला घेऊन आला आणि त्यानें 'मिस्टर बोजँगल्स' हें आपलें नवें गाणें म्हटलें. १९६५ सालीं वॉकर न्यू ऑर्लीन्सच्या कोठडींत एक रात्र पडला असतां त्याला तेथें एक म्हातारा रस्त्यावरचा नर्तक भेटला होता. बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन हा थोर कृष्णवर्णी नर्तक १९४९ सालीं वारला. त्याचेंच नांव या म्हाताऱ्यानें स्वतःला लावून घेतलें होतें. पुष्कळांची समजूत गाणें रॉबिन्सनवर आहे अशी होती. पण वॉकरनें स्पष्ट केलें, कीं आपल्या कोठडींतला तो म्हातारा गोरा होता, कारण त्या काळीं तेथें तुरुंगांतसुद्धां वर्णभेद पाळीत. म्हणजे गाण्याच्या नायकाचें नांवच उसनें होतें!

फॅसनें त्या रात्रीचें मुद्रण जपून ठेवलें आणि तो तें पुनःपुन्हा लावूं लागला. श्रोते मागूं लागले. पण दुकानांत तबकडी मिळेना, कारण ती अद्याप निघालेलीच नव्हती. १९६८ मध्यें ती निघाली तेव्हां तिच्या बरोबरीनेंच बॉबी कोल या दुसऱ्या गायकाचीही निघाली, आणि दोहोंच्या चुरशींत वॉकरची यादींत ७७ च्या वर गेली नाहीं. पुढची गोष्ट अधिक रंजक आहे. कॅलिफोर्नियाच्या 'निटी ग्रिटी डर्ट बँड' या मेळ्याच्या जेफ हॅनानें एके रात्रीं मोटारींतल्या नभोवाणीवर हें गाणें ऐकलें. गायक कोण तें त्याला कळलें नाहीं. मेळ्यांतीलच एका सहकाऱ्याच्या मोटारीच्या मागल्या खणांत ती तबकडी निघाली, पण तिची दशा फारशी चांगली नव्हती. तिच्यावरून गाणें उतरवून घेतांना कांहीं शब्द चुकीचे ऐकले गेले आणि ते तसेच गाइले गेले. १९७० सालीं त्यांनीं काढलेली ही सदोष आवृत्तीच १९७१ मध्यें नवव्या क्रमांकापर्यंत चढली. पाठशुद्धीचे अभिमानी कपाळाला हात लावतील. पण हजारों लोकगीतें अशींच चुकीचीं ऐकून घडलीं आहेत, आणि येथें तर तें आपल्या देखत घडलें.

वॉकरला मात्र या उसनवारीचा लाभ झाला. गाणें नांवावर होतें, म्हणून सेंट त्याच्याकडे आले. नीना सिमोननें १९७१ मध्यें तें गाइलें. तिच्या संथ आवाजांत तो म्हातारा अधिकच एकाकी होतो, आणि माझ्या मनांत आज तीच आवृत्ति मूळच्या शेजारीं बसते. पण तें ज्याच्या अंगाला चिकटलें तो सॅमी डेव्हिस. रॉबिन्सनला तो गुरुस्थानीं मानी, आणि स्वतःही नर्तक. रॉबिन्सननें आयुष्यांत लाखों मिळविले आणि तो निर्धन मेला. डेव्हिस हें गाणें रोज रंगमंचावर म्हणे, टोपी घालून नाचे. आणि आपलाही शेवट असाच व्हावयाचा अशी त्याला धास्ती वाटे, असें त्यानेंच सांगितलें आहे. एका गोऱ्या कैद्यानें कृष्णवर्णी नर्तकाचें उसनें घेतलेलें नांव असें फिरून पुन्हा त्या नर्तकाच्या शिष्याच्या तोंडीं येऊन बसलें.

वॉकर ऑक्टोबर २०२० मध्यें वारला, आणि फॅस एप्रिल २०२१ मध्यें, ८७ व्या वर्षीं. फॅसनें आपल्या कार्यक्रमांच्या फिती वर्षानुवर्षें घरांत सांठवून ठेवल्या होत्या. २०१६ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानें त्या आपल्या ग्रंथसंग्रहांत घेतल्या. गाण्यांच्या मधून मधून त्या फितींवर टेलिफोनवरचे ते श्रोतेही आहेत, पहांटे तीन वाजतां बोलणारे.